गोलाईतल्या बोर्डाचा डावा कोपरा

मी एक जुना पत्र्याचा बोर्ड आहे. लातुरात गंजगोलाई या गोल बाजारपेठेजवळ एका कोचिंग क्लासच्या जिन्याखाली, भिंतीला टेकून उभा आहे. मित्रांनो, तुम्ही रोज माझ्यापुढे चपला काढता, ओल्या छत्र्या माझ्या अंगाला टेकवता. तुमच्यातल्या एकानं खिळ्यानं माझ्यावर बदाम कोरलाय. त्याचं मला काही नाही. पण तुम्ही निबंधात फाटक्या छत्रीचं मनोगत लिहिता, तेव्हा ती छत्री पहिल्या ओळीपासून रडायला लागते. मी रडणार नाही. माझ्याकडे रडण्यासारखं थोडं आणि मिरवण्यासारखं पुष्कळ आहे. माझ्या अंगावर रंगाचे चार थर आहेत आणि एकाही थराची मला लाज वाटत नाही.

सगळ्यात आतल्या थरापासून सांगतो.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीतून लातूरच्या स्टेशनात उतरलो, तेव्हा नुसता कोरा पत्रा होतो. वीरण्णा नावाच्या कापड दुकानदारानं मला घेतलं. सुतारानं सागवानाची चौकट ठोकली आणि मला दस्तगीर पेंटरपुढे आडवं टाकलं. दस्तगीर हा उंच, वाकलेला, पान खाणारा माणूस. त्यानं मला आधी निळा रंग दिला. वाळल्यावर खडूनं माखलेलं सूत ताणून झटकलं, रेघ उमटली. मग उजव्या टोकाला बसून त्यानं पांढऱ्या रंगात उर्दू अक्षरं काढायला घेतली.

मित्रांनो, ती अक्षरं तुम्ही पाहायला हवी होती. ती ताठ उभी राहत नाहीत. उजवीकडून उंचावरून निघतात आणि डावीकडे उतरत उतरत येतात, गायरानातून गुरं ओढ्याला उतरतात तशी. कुठं जाड, कुठं केसासारखी बारीक. मध्येच एक टिंब असं पडतं की वाटावं, हात चुकून लागला. पण ते हललं तर शब्दच बदलतो. काम संपल्यावर दस्तगीरनं खाली डाव्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकलं. उर्दू डावीकडे संपतं, म्हणून लिहिणाऱ्याची सही डावीकडे. त्या जागेला पेंटर लोक 'कोपरा' म्हणायचे. बोर्ड मालकाचा, कोपरा पेंटरचा, असा बाजाराचा न बोललेला कायदा होता.

पुढे राज्य गेलं. रझाकारांनी जे केलं ते केलंच, ते झाकायचं मला कारण नाही. पण लोकांनी राजाचा राग अक्षरांवर काढला. उर्दू बोर्ड उतरवून त्यांची गोठ्याला दारं केली. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. जुलूम माणसं करतात. अक्षर कुणाला मारायला जात नाही.

वीरण्णानं मला गोठ्यात टाकलं नाही. मराठीत लिहून घ्यायला पुन्हा दस्तगीरकडेच पाठवलं. दस्तगीर तोवर पहिलीच्या पुस्तकावरून बाराखडी शिकला होता, पण हाताची सवय कुठं जाते? तो मराठीसुद्धा उजवीकडून लिहायचा. म्हणजे 'वस्त्र भांडार' लिहायचं तर आधी शेवटचा 'र', मग 'डा', मग 'भां'. बाजारातली माणसं भोवती जमून पैज लावायची, की आता कोणतं अक्षर येणार. त्याच्या मराठी अक्षरांना उर्दूची लवचीक कंबर होती. 'त्र'ची शेपटी अशी काही वळायची की तिला तिथंच थांबवावंसं वाटायचं नाही. भोवती त्यानं वेलबुट्टी काढली, निळ्यावर पिवळी. एकच घोटाळा झाला. उजवीकडून ऐसपैस येता येता डावीकडे जागा संपली आणि 'वीरण्णा' चिमणीएवढा झाला.

वीरण्णा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "दस्तगीर, दुकान म्हशीएवढं अन् मालक रेडकाएवढा केलास की रे."

दस्तगीर पान एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाला, "सावकार, दुकान बडा दिख रा न्हई? फिर हौ. तुम तो गल्ल्यावर बसे सो दिखतेच."

वीरण्णा हसला. बोर्ड तसाच चढला. डाव्या कोपऱ्यात दस्तगीरची उर्दू सही वेलबुट्टीत लपून बसली.

दोन लिप्यांचा तो संगम कुणी ठरवून केला नव्हता. आता शहाणी माणसं अशा गोष्टींना शैली म्हणतात. मी म्हणतो, एका माणसाच्या हाताला जुनं सुटत नव्हतं आणि नवं टाळता येत नव्हतं, त्या ओढाताणीत ती जन्मली. बहुतेक शैल्या अशाच जन्मतात.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कापड कोण घेणार? गोलाईत धूळ उडायची आणि माझ्या अंगावर बसायची. लोक खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले. त्यात केरबा होता आणि त्याची बायको भामाबाई होती. केरबाच्या घरच्यांनी छप्पन साली बुद्धाचा धर्म घेतला होता. केरबा सातवीपर्यंत शिकलेला, बोलायला तिखट. भामाबाईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण बोलण्यात ती केरबाला पाणी पाजायची.

कामावरच्या साहेबाला रस्त्याच्या दगडांवर आकडे आणि गावांची नावं हवी होती. रंग नव्हता, बुरूश नव्हता. भामाबाईनं शिंदीचा फोक दगडानं चेचून कुंचला केला, गेरू कालवला. केरबानं लिहायला सुरुवात केली. उन्हानं आणि भुकेनं डोळे बारीक झालेल्या माणसाला लांबून वाचता यायला पाहिजे, म्हणून त्यानं अक्षरं जाड काढली. वळण नाही, वेल नाही, शेपटी नाही. चेचलेल्या फोकातून नाजूक काही निघतही नव्हतं. दुष्काळात माणसं बारीक झाली आणि केरबाची अक्षरं जाड झाली. सुकडी म्हणजे कामावर वाटायचं गोड पीठ; 'सुकडी इथे मिळेल' अशी पाटी त्यानं काढली, तेव्हा ज्यांना वाचता येत नव्हतं तेसुद्धा त्या पाटीकडे बरोबर वळायचे. हे मी पुढे भामाबाईच्या तोंडून ऐकलं, आणि असं दुसरं अक्षर माझ्या ऐकण्यात नाही. नट्टापट्टा काढून टाकला की अक्षर किती खरं बोलतं, ते त्या दगडांनी दाखवलं.

तोवर दस्तगीर म्हातारा झाला होता. एसटीतून जाताना त्यानं ते दगड पाहिले आणि पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आला.

"ये मोटा हरफ कौन लिखा रे?"

केरबा खडीच्या ढिगावरून म्हणाला, "मी. का, वाचता येईना व्हय?"

"वाचता येतंय म्हणूनच उतरलो. चल मेरे साथ. हात चांगला हाय, बस उलटा चलता है."

उलटा म्हणजे डावीकडून. केरबा दस्तगीरचा शागीर्द झाला आणि उजवीकडून लिहायला शिकला. आधी अक्षरं मोजायची, सुतावर खुणा करायच्या, मग शेवटच्या अक्षरापासून सुरुवात. मोजून घेत असल्यामुळे केरबाचा मालक कधी रेडकू झाला नाही. केरबा कडा काढायचा आणि आतला रंग भामाबाई भरायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कडेच्या आत एक थेंब बाहेर न जाऊ देता ती रंग भरायची. तिला ती सगळी चित्रंच होती. 'ड' म्हणजे तिच्या मते वेटोळं घातलेलं जनावर. 'र' म्हणजे काठी टाकून बसलेला म्हातारा.

पहिल्याच आठवड्यात ती दस्तगीरला म्हणाली, "उस्ताद, तुमी भाकर बी उजवीकडून खाताव का?"

"खातों. तू वाढ, फिर देख," दस्तगीर म्हणाला.

दुष्काळ सरला, बाजार हळूहळू भरला. वीरण्णा वारला होता. त्याचा मुलगा महादेवप्पा गल्ल्यावर बसला. हा मराठी शाळेत शिकलेला, त्याला उर्दूचं अक्षर ओळखू येत नव्हतं. त्यानं मला पुन्हा रंगवून घेतलं. हा माझा तिसरा थर. वरची मोठी अक्षरं केरबानं काढली, दगडावरची तीच जाड अक्षरं, आता तेलरंगात, लाल आणि पांढरी. नाव झालं 'महादेवप्पा वीरण्णा वस्त्र भांडार'. वेलबुट्टी गेली. महादेवप्पाला ते जड अक्षर आवडलं, पण एक गोष्ट त्यानं हट्टानं मागितली.

"खाली डावीकडं ते पान होतं बगा, तेवढं राहू द्या. लई शोभतंय."

ते पान नव्हतं. ती दस्तगीरची सही होती. दस्तगीरनं केरबाकडे पाहिलं, केरबानं दुसरीकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं सही पुन्हा काढली आणि म्हणाला, "लो, पान." त्या वर्षीपासून महादेवप्पा दर पाडव्याला माझी पूजा करताना त्या पानाला विभूती लावायचा. मी वर लटकून ते पाहायचो. पत्र्याला हसता येत नाही, नाहीतर खिळे निसटले असते.

पुढे दस्तगीरची नजर गेली. तो उदगीरला लेकीकडे राहायला निघाला, तेव्हा आपले बुरूश केरबाच्या हातात देऊन म्हणाला, "अब कोना तेरा."

उस्तादानं कोपरा दिला, पण बाजारानं दिला नाही. केरबानं गोलाईतल्या दुकानांचे बोर्ड एकामागून एक रंगवले. सही करायला वाकला की मालक म्हणायचा, राहू दे. कुणी म्हणायचा, जागा नाही. कुणी म्हणायचा, बरं दिसत नाही. बाहेरगावी, मुदखेडला, हदगावला, स्टेशनाबाहेरच्या हॉटेलांवर केरबाचं नाव होतं. गोलाईत एकाही बोर्डावर नव्हतं. महादेवप्पाही त्यांच्यातलाच. मधल्या काळात त्यानं केरबाकडून दुकानाचे खांब रंगवून घेतले आणि कोपरा मागितल्यावर म्हणाला, "नाव कशाला रे? तुला ओळखत नाही असं कोण हाय?"

खरं कारण तेच होतं. केरबा कोण आणि कुठल्या वस्तीतला, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. दुकानाच्या कपाळावर त्यांना ते नाव नको होतं. केरबाच्या हाताचं अक्षर चालायचं. दसऱ्याला त्या अक्षराला हार चालायचा. नाव चालत नव्हतं. मित्रांनो, हे कुणी तोंडानं बोलत नव्हतं, म्हणून मी बोलतोय. मी बोर्ड आहे. जे असेल ते चारचौघांत सांगणं हेच माझं काम आहे.

केरबानं काम थांबवलं नाही, उलट तो फुलला. सिनेमाच्या पोस्टरवर अक्षरं तिरपी धावू लागली, तशी त्यानं बोर्डावर धावायला लावली. मग त्यानं छाया आणली. अक्षराच्या उजव्या अंगाला गडद पट्टा असा ओढायचा की अक्षर पत्र्यातून वर उठून बसल्यासारखं दिसावं. लहान मुलं हात लावून बघायची. मागं उगवता सूर्य, त्याची नारिंगी किरणं, मध्ये लाल अक्षर आणि त्याला पिवळी कड. नाजूक आवडीची माणसं त्याला भडक म्हणायची. म्हणोत. ज्या मुलुखात अर्धं वर्ष सगळं मातीच्या रंगाचं असतं, तिथं भडक रंग ही भूक असते. केरबाचे बोर्ड पाहून बाजारात पाऊस पडल्यासारखं वाटायचं.

मग बेऐंशी साली नवा जिल्हा झाला.

तोवर लातूर तालुका होता. गोलाईतल्या झाडून सगळ्या बोर्डांवर खाली लिहिलेलं असायचं, 'ता. लातूर, जि. उस्मानाबाद'. एका घोषणेनं सगळे बोर्ड खोटे पडले. ज्याला त्याला 'ता. जि. लातूर' करून हवं होतं आणि तेही ऑगस्टातल्या त्या दिवसाच्या आधी. मिरवणूक निघणार होती, पुढारी येणार होते. पेंटरांना जेवायला सवड नव्हती. केरबाच्या दारात बोर्डांची रांग लागली. महादेवप्पा स्वतः आला. त्याला नुसता पत्ता बदलायचा नव्हता. त्याला छाया पाहिजे होती, सूर्य पाहिजे होता, सगळं नवं पाहिजे होतं.

हे बोलणं चहाच्या हॉटेलापुढे झालं, चार माणसं ऐकत होती.

केरबा म्हणाला, "करून देतो, अप्पा. पण कोपरा माझा. न्हाई म्हणत असाल तर बोर्ड बी तुमचा अन् बुरूश बी तुमचा."

महादेवप्पानं भोवती पाहिलं. दुसरा पेंटर मोकळा नव्हता. "लिही की बाबा. मी कधी न्हाई म्हणलो?"

भामाबाई बशीतला चहा फुंकत म्हणाली, "कधीच न्हाई. नुसतं 'कशाला' म्हणलाव."

हॉटेलवाला खाली मान घालून कप धुवायला लागला. महादेवप्पा गेला. पण तो व्यापारी होता. दुकानातल्या नरसिंगला त्यानं गुपचूप दुसरीकडून एक लहान पाटी करून आणायला सांगितलं. 'आमची कोठेही शाखा नाही.' बोर्ड चढला की ही पाटी उजव्या खालच्या कोपऱ्यावर स्क्रूनं बसवायची. मराठी बोर्डावर पेंटरचं नाव उजवीकडे असतं, हे महादेवप्पा सगळीकडे पाहत आला होता. दिलेला शब्दही राहील आणि नावही दिसणार नाही. हुशारी पाहा.

केरबाच्या अंगणात मला आडवं ठेवलं. काचपेपरनं घासता घासता तो डाव्या कोपऱ्याशी आला आणि थांबला. तिथं दस्तगीरची सही होती. उस्ताद उदगीरलाच वारला होता.

"घासा," भामाबाई म्हणाली. "त्यांनीच दिलाय न्हवं? का आता हितंच बसून ऱ्हाताव?"

केरबानं हलक्या हातानं घासलं, अगदी वरवर. खालची सही अजून माझ्या अंगात आहे. मग चौथा थर चढला. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतका देखणा कधी दिसलो नाही. सूर्य उगवला, महादेवप्पाचं नाव उठून बसलं, 'वस्त्र भांडार' तिरपं धावलं, भामाबाईनं अक्षरांच्या पोटात लाल भरला. तळाला उजव्या टोकापासून 'ता. जि. लातूर' आलं. आणि शेवटी, जिथं उस्ताद संपवायचा तिथं, डाव्या कोपऱ्यात, केरबानं नाव टाकलं. 'केरबा.'

मला कापडात गुंडाळून नेलं, कापडासकट वर चढवलं. मिरवणूक गोलाईत शिरत होती. सोळा रस्त्यांनी माणसं येत होती. महादेवप्पाच्या इशाऱ्यासरशी नरसिंग शिडीवर चढला, कापडाची एक बाजू वर करून घाईघाईनं उजव्या कोपऱ्यावर पाटी बसवली आणि मग कापड ओढून काढलं.

खालच्या माणसांनी मान वर केली. वरची अक्षरं वाचून झाली, तशी खालची ओळ वाचायला लागली. पाटीखाली 'लातूर' झाकलं गेलं होतं. उरलं ते असं:

केरबा, ता. जि., आमची कोठेही शाखा नाही.

आधी एकजण हसला. मग सगळा रस्ता हसला. कुणीतरी ओरडलं, "अप्पा, दुकान केरबाला दिलाव का?" दुसरा म्हणाला, "अन् आज जिल्हा झाला तर ह्यांनी लातूरच गायब केलं की."

महादेवप्पा लाल झाला. जिल्ह्याच्या दिवशी लातूर झाकून कसं चालेल? पुढारी तर रस्त्याच्या वळणावर आले होते. "काढ ती पाटी," तो नरसिंगवर खेकसला. पाटी निघाली, लातूर दिसलं. 'केरबा' होतं तिथंच होतं. आता ओळ झाली, 'केरबा, ता. जि. लातूर'.

"डावीकडं कुठं नाव असतंय का रे?" महादेवप्पा केरबाकडे वळला. "पूस ते. आधी पूस."

केरबा शिडीला टेकून उभा होता. "माझ्या उस्तादाचं तिथंच होतं, अप्पा."

"तिथं पान होतं."

दुकानाच्या ओट्यावर महादेवप्पाची आई गुरम्मा बसली होती. कानडी मुलखातून सून म्हणून आलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. ती तिथूनच म्हणाली, "पान नव्हतं, महादेवा. दस्तगीरचं नाव होतं ते. तुझ्या अप्पाला उर्दू येत होतं, त्यांनी मला दाखवलंतं."

महादेवप्पा ओट्याकडे वळला. "अव्वा, आधी सांगायचं न्हाई का?"

"तू विभूती लावत होतास. म्हणलं, करू दे. कष्टाच्या हाताचीच पूजा करायलास, चूक काय त्यात? बिडु, सोड आता. त्याचं नाव ऱ्हाऊ दे."

माणसं पुन्हा हसली. महादेवप्पानं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि वैतागून म्हणाला, "लिहा मग. समद्या गावानं लिहा माझ्या बोर्डावर."

"बरं," भामाबाई म्हणाली.

तिनं पदर कमरेला खोचला, डब्यातून बुरूश उचलला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. केरबा म्हणाला, "अगं, काय करायलीस?"

"नाव लिहायले. अप्पा म्हणले न्हवं? इतकी वर्सं पोटात रंग म्या भरला. तुमचा कोपरा तुमी बाजाराला मागितलाव. माझा कुणाला मागू?"

मित्रांनो, मी केरबाचा चाहता आहे, म्हणूनच हे लपवत नाही. आपल्या नावासाठी जो माणूस एवढी वर्षं बाजाराशी भांडला, त्याला शेजारी बसून रंग भरणारीचं नाव कधी सुचलं नव्हतं. ज्याला कोपरा मिळत नाही, त्यालाही दुसऱ्याचा कोपरा दिसत नाही कधी कधी. केरबा पुढे आला. आजवर शिडी ती धरायची. त्या दिवशी त्यानं धरली.

भर बाजारात एक बाई शिडीवर चढली आणि बोर्डावर लिहायला लागली. मिरवणुकीतली निम्मी माणसं पुढाऱ्यांना सोडून तिच्याकडे बघत होती. तिला लिहिता येत नव्हतं. पण आपलं नाव कोणत्या आवाजाचं बनतं ते तिला ठाऊक होतं आणि त्या आवाजाची चित्रं माझ्याच अंगावर होती. तिनं 'भांडार'मधला पहिला आकार पाहिला आणि 'केरबा'च्या खाली तसाच काढला. मग 'महादेवप्पा'तला पहिला आकार पाहिला, काढला, शेजारी काठी ओढली. हात हलला नाही. खाली उतरली तेव्हा कोपऱ्यात दोन नावं होती.

केरबा
भांमा

गर्दीत एक गुरुजी होते. ते म्हणाले, "बाई, भ वर टिंब जास्तीचं झालंय."

भामाबाई बुरूश पुसत म्हणाली, "असू द्या. तुमच्याकडं कमी पडलं तर घिऊन जावा."

तिची चूक कशी झाली, ते मला ठाऊक आहे. बाजारात 'भ' कुठं असतो? वस्त्र भांडार, किराणा भांडार, स्टील भांडार. तिनं आयुष्यात रंग भरलेल्या जवळजवळ प्रत्येक 'भ'वर टिंब होतं. तिच्यासाठी तो त्या अक्षराचा डोळाच होता. डोळ्याशिवाय अक्षर तिनं कसं काढावं?

केरबानं ते टिंब पुसलं नाही. पुढे गोलाईत एक एक कोपरा सुटत गेला आणि त्यात 'केरबा भांमा' असं टिंबासकट बसत गेलं. नंतर त्यांच्या शाळा शिकलेल्या लेकीनं आईला बाराखडी शिकवली, चूक दाखवली. भामाबाई म्हणाली, "त्या एका टिंबावरून लोक वळखतेत मला. काढू कशाला?" महादेवप्पा काही साधुसंत झाला नाही. पुढच्या पाडव्यापासून तो विभूती फक्त माझ्या वरच्या कडेला लावायचा. पण त्यानं कोपरा खरवडला नाही. तेवढं त्याच्या नावावर लिहितो.

मग काळ फिरला, तो फिरायचाच. रेडियमची अक्षरं आली, कात्रीनं कापलेली, रात्री चमकणारी. तीही मला आवडली. अंधारात वाचता येणारं अक्षर आम्हाला कधी जमलं नव्हतं. मग फ्लेक्स आला. त्याला शिव्या द्यायची रीत पडली आहे, मी देणार नाही. ज्याला कोणी चौकात उभं करत नव्हतं, त्याचाही फोटो फ्लेक्सनं चौकात टांगला. तुमच्या क्लासच्या दारातला फ्लेक्स पाहा, शेकडो पोरांचे चेहरे आहेत, खेड्यापाड्यातल्या पोरींचे आहेत. हे आमच्या बुरशाला जमलं नसतं. पण त्याच्या कोपऱ्यात मोबाईल नंबर असतो, माणूस नसतो. आणि अलीकडे तर गंमतच झाली आहे. समोरच्या नव्या हॉटेलानं केरबाच्या पद्धतीची छायेची अक्षरं लावली आहेत, अगदी रंगाच्या ओघळासकट. ती कॉम्प्युटरवर काढलेली आहेत. केरबा आपल्या हयातीत ओघळ आला तर बोर्ड परत घासायचा. आता ओघळ मुद्दाम काढतात, जुनं वाटावं म्हणून. तरी मला बरं वाटतं. नक्कल होते ती चांगल्याचीच होते. फक्त कुणाची आहे ते लिहावं, एवढं कळायला पाहिजे.

महादेवप्पाच्या नातवानं दुकान क्लासला भाड्यानं दिलं, तेव्हा मी उतरलो आणि जिन्याखाली आलो. परवा तुमचे सर म्हणत होते, याला पांढरा मारून नोटीस बोर्ड करू. मित्रांनो, मी नाही म्हणत नाही. बोर्ड रंग घेऊनच जगतो. माझ्यावर निळा बसला तेव्हा पत्रा गेला, लाल बसला तेव्हा निळा गेला आणि प्रत्येक वेळी मी आधीपेक्षा जास्त झालो. तुमच्या वेळापत्रकाचा पाचवा थर मी आनंदानं घेईन. तुमच्या काळाची अक्षरं कशी आहेत, ते मलाही बघायचं आहे.

पण रंग मारायला जो कोणी बसेल, त्यानं खाली डावीकडे आल्यावर हात थांबवावा. एवढी एक वीतभर जागा सोडावी. तिथं धूळ बसली असेल तर ओल्या फडक्यानं पुसावी. पुसताना एखाद्याला वाटेल की 'भ'वर घाण पडली आहे आणि तो नखानं खरवडायला जाईल.

ती घाण नाही. ती भामाबाई आहे. राहू द्या.